सर्वांच्या वतीने

३ मार्च

ती. आत्यास,
स. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. काकांचा गुडघा बरा झाला हे वाचून बरं वाटलं, आणि जिना चढता येतो म्हटल्यावर ते आता उगाचच वरखाली करत असतात हे वाचून हसू आलं. त्यांना म्हणावं, जिना कुठे पळून जात नाही.

पुढचं तू धीराने वाचावंस म्हणून आधीच सांगते. मी ठीक आहे, मला काही लागलेलं नाही. आता बस आणि वाच.

गेल्या आठवड्यात आमच्या कार्यशाळेच्या दर्शनी काचा फुटल्या. फुटल्या म्हणजे दगड मारून फोडल्या. मागे तुला लिहिलं होतं, आमच्याकडे साधे जोडे होत नाहीत. ज्यांचा एक पाय आखूड आहे, बोटं वळली आहेत, टाचेला भार सोसत नाही, अशांसाठी पायाबरहुकूम जोडे होतात. प्रत्येकाच्या पायाचं लाकडी कलबूत आम्ही घासून तयार करतो आणि त्यावर जोडा चढवतो. भिंतीवर ही सगळी लाकडी पावलं खुंट्यांना टांगलेली असतात, जणू माणसं भिंतीतून चालत पलीकडे गेली आणि पाय इथे विसरली. त्या दिवशी त्यातली निम्मी खाली आली.

मोर्चा आपल्यातल्यांचा होता. आपल्या प्रार्थनागृहाच्या भिंतीवर कोणीतरी रात्रीतून घाणेरडं काही लिहिलं होतं, त्याचा निषेध. आवाज ऐकून मी खिडकीशी गेले. आत्या, ती पोरं आपल्या प्रार्थनेतल्याच ओळी म्हणत होती. तू मला झोपवताना म्हणायचीस त्या. मला क्षणभर घरच्यासारखं वाटलं, आणि तेवढ्यात त्या ओळी म्हणणाऱ्या एकाने हात मागे नेला. त्यांनी रस्त्यावरची नेमकी त्यांच्यातल्यांची दुकानं निवडली होती. आमच्या मालकीण, ज्यांना आम्ही मोठ्या बाई म्हणतो, त्या त्यांच्यातल्या. शिवणीवरचे दादा त्यांच्यातले, कातडं कापणाऱ्या मावशी त्यांच्यातल्या. आपल्यातली तिथे मी एकटी. दादांच्या कपाळाला काच लागली, टाके पडले.

मी सगळ्यांच्या आधी झाडू उचलला आणि दुसऱ्या कोणाला काचेला हात लावू देईना. मावशी म्हणाल्या की हात कापशील. मी म्हटलं, कापू दे. त्यावर त्यांनी झाडू ओढून घेतला आणि म्हणाल्या की तुझा हात कापला तर कलबुतं काय मी घासू, मला तर बटाटासुद्धा गोल सोलता येत नाही.

संध्याकाळी मी एकेकाकडे जाऊन क्षमा मागितली. दादा पट्टी बांधून बसले होते. म्हणाले की घरी गेलो की आठवडाभर चहा अंथरुणात मिळणार आहे, तू कशाला मधे पडतेस. मोठ्या बाई माझ्याकडे न बघता, उद्या वेळेवर ये, एवढंच म्हणाल्या. हे सगळे माझ्याशी आधीसारखेच वागतात आणि त्यानेच मला जास्त गुदमरल्यासारखं होतं. त्यांनी दोन शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं.

तयार जोड्यांत काचेचा भुगा गेला होता, म्हणून सगळे उसवून साफ केले. उशीर का झाला याची चिठ्ठी प्रत्येक खोक्यात घालायची आहे. माझं अक्षर चांगलं म्हणून ते काम माझ्याकडे आलंय. त्यात मी माझ्याकडून दोन ओळी घालणार आहे, तेवढंच मन हलकं होईल. बरोबर आहे ना? तू सांगेपर्यंत थांबले असते, पण खोकी उद्याच जायची आहेत.

काकांना नमस्कार. तुझी माया आहे तशीच माझ्यावर राहू दे.

तुझी,
किंतू


९ मार्च

चि. किंतूस,
अ. आ.

आता बस आणि वाच, असं लिहिलंस. मी उभ्यानेच वाचलं. गॅसवर दूध होतं ते उतू गेलं. त्याची जबाबदारीही तू घे, तुला जगातल्या सगळ्याची घ्यायची असतेच. उगाच का काकांनी तुझं नाव किंतू ठेवलं! चार वर्षांची होतीस तेव्हाही एकही वाक्य पणशिवाय संपत नव्हतं. दम्यामुळे तुला शाळेत न घालता घरी शिकवत होते, तर शुद्धलेखनात दुसऱ्याची चूक दिसली तरी तूच कान धरून उभी राहायचीस. दुसरं कोण तर मी.

आता नीट ऐक. पहिली गोष्ट, ती पोरं आपल्यातली नव्हेतच. हातात दगड घेणाऱ्याला कसला आलाय धर्म? चार ओळी पाठ म्हटल्या म्हणून कोणी आपला होत नाही. गुंडांना धर्म नसतो. तेव्हा तू मान खाली घालायचं काही कारण नाही, आणि चिठ्ठ्या बिठ्ठ्या लिहायचं तर मुळीच नाही. माझं पत्र पोचेपर्यंत तू त्या लिहून मोकळी झाली असशील हेही मला ठाऊक आहे.

दुसरी गोष्ट, जपून राहा. आज गोड बोलतील. त्यांच्यातल्यांचं मला कोणी शिकवू नये. काकांचं चौकटींचं दुकान तू डोळ्यांनी पाहिलंस. लोकांनी विश्वासाने दिलेले फोटो, लग्नातले, पोरांचे, गेलेल्या माणसांचे, सगळ्याची राख. कोणी केलं ते? आणि का केलं? त्यांना लहानपणापासून शिकवणच तशी मिळते, दुसरं काय. काका काही बोलत नाहीत म्हणजे झालं नाही असं नाही.

बाकी इकडची बातमी म्हणजे, समोरची जातेय. घर विकलं, मुलाकडे कायमची चालली. महिनाअखेरीला सामानाची गाडी येणार. मला हे दूधवाल्याकडून कळलं, यावरून काय ते समज. दाराला दार असून दुकान जळल्यापासून त्या बाईने एक शब्द काढलेला नाही. आमच्या लोकांनी वाईट केलं, माफ करा, एवढं म्हणायला काय लागतं? आम्ही काही तिला पकडून दिलं नसतं. तुला चित्र काढायला तिने शिकवलं हे मी विसरलेले नाही. पण ते तेव्हाचं. जाऊ दे, जाते तर जाऊ दे. नवीन येणारे कोण आहेत देव जाणे.

रोज पोटभर जेव. खिडकीपासून लांब बस. ख्यालीखुशाली कळवत राहा, म्हणजे इकडे आमचा जीव भांड्यात पडेल.

तुझी,
आत्या


१७ मार्च

ती. आत्यास,
स. न. वि. वि.

दुधाची जबाबदारी घेतली. पातेलं घासायला मात्र येता येत नाही.

तू म्हणालीस तसंच झालं होतं, चिठ्ठ्या आधीच गेल्या होत्या. त्यांचं पुढे काय झालं ते सांगायची लाज वाटते, पण तुला न सांगता मला राहवत नाही.

मी लिहिलं होतं की ही नासधूस माझ्या धर्माच्या लोकांनी केली, त्या सर्वांच्या वतीने मी आपली क्षमा मागते. प्रत्येक खोक्यात एक, सुवाच्य अक्षरात. मोठ्या बाईंनी वाचून पाहिलं नाही, कारण हिने लिहिलेलं तपासावं लागत नाही असं त्याच सगळ्यांना सांगत असतात.

पहिले आले ते निवृत्त मास्तर. ते आपल्यातले. त्यांचा डावा पाय आखूड आहे, जोड्यात बुचाचा थर घालून आम्ही तो उजव्याच्या बरोबरीला आणतो. त्यांनी खोकं टेबलावर ठेवलं, चष्मा लावून चिठ्ठी मोठ्याने वाचली आणि मला विचारलं की या सर्वांमध्ये मीही आलो का. मी हो म्हणून मान हलवली. तेव्हा ते म्हणाले की त्या दिवशी मी दाढ धरून अंथरुणात पडलो होतो, दगड राहू दे, माझ्याच्याने उशीसुद्धा उचलली जात नव्हती, तेव्हा माझ्या वतीने क्षमा मागायला तुला कोणी सांगितलं. शिवणीवरचे दादा हसले. मास्तर हसले नाहीत. म्हणाले की ज्या श्रद्धेच्या आधाराने मी आयुष्यभर सकाळी उठलो, ती तू दोन ओळींत त्या पोरांच्या नावावर करून टाकलीस. आणि चिठ्ठी माझ्यासमोर ठेवून गेले.

मला वाटलं, यापेक्षा वाईट काही होणार नाही. दुसऱ्या दिवशी बँकेतल्या बाई आल्या. त्या त्यांच्यातल्या, बोलायला एरवी गोड. त्या सगळ्यांसमोर मोठ्या बाईंना म्हणाल्या की मला वाटलं होतं काच वादळाने फुटली, चिठ्ठी वाचून कळलं कोणाचं काम ते. आता ही माणसं कशी असतात हे हिनेच लिहून दिलंय. मग असली एक तुम्ही आत कशी ठेवता? निदान माझ्या पायाला तिने हात लावू नये. मी मोजपट्टी घेऊन तिथेच उभी होते. ती पट्टी कुठे ठेवावी तेसुद्धा मला सुचेना.

मोठ्या बाईंनी त्यांना विचारलं की पायात आहे तो जोडा कुठे टोचतो का. त्या म्हणाल्या, छे, इतका सुखाचा जोडा मला जन्मात मिळाला नव्हता. बाई म्हणाल्या, त्याचं कलबूत हिने घासलंय, नको असेल तर इथे काढून ठेवा. बँकेतल्या बाईंनी खाली पाहिलं, मग दाराबाहेरच्या चिखलाकडे पाहिलं, आणि जोडा घालूनच गेल्या.

मग बाईंनी मला मागच्या खोलीत बोलावलं, जिथे कातड्याच्या गुंडाळ्या उभ्या करून ठेवतात. मला वाटलं, संपलं. मनात मी सामानसुद्धा बांधायला घेतलं होतं. बाईंनी एक जुना जोडा काढून त्याची आतली तळपट्टी उचलून दाखवली. आमच्याकडे रीत आहे, जोडा शिवणारा तळपट्टीखाली आपली खूण करतो. तक्रार आली की पट्टी उचलायची, खूण पाहायची आणि ज्याची असेल त्याने उसवायचं. बाई म्हणाल्या, दगडांवर तुझी खूण होती का? मग तू कोणाच्या वतीने उसवायला बसलीस? तुझी क्षमा मी घेतली, तर दगड मारणाऱ्यांत तूही होतीस असं मी मान्य केल्यासारखं होईल. मला ते मान्य नाही, म्हणून मी ती घेणार नाही. आणि पुढे म्हणाल्या की दगड रस्त्यापर्यंतच आले होते, तुझ्या चिठ्ठ्या लोकांच्या घरात पोचल्या.

मी विचारलं की हे त्याच संध्याकाळी का नाही सांगितलं. त्यांनी जोडा खाली ठेवला. मग म्हणाल्या की त्या संध्याकाळी त्यांना फार राग आला होता. ज्यांचा आला ते निघून गेले होते, आणि माझ्याकडे पाहिलं की तो माझ्यावर निघेल असं त्यांना वाटलं, म्हणून न बघता त्यांनी तोंड वळवलं. आत्या, हे त्यांनी मला सांगायची काही गरज नव्हती. मी तिथे उभी राहून रडले आणि त्यांनी मला कातडं पुसायचा फडका दिला. त्या फडक्याचा वास अजून नाकातून जात नाही, आणि जाऊही नये असं वाटतं.

शिक्षा म्हणून मला घरोघर पाठवलं आहे. जोडा नीट बसतो का पाहायचं आणि चिठ्ठी परत आणायची. काहींनी ती वाचलीच नव्हती, एका आजीने तिची घडी करून हलणाऱ्या टेबलाच्या पायाखाली घातली होती. मास्तरांकडे गेले तेव्हा त्यांनी मला बसवून चहा दिला. म्हणाले की बाकी अक्षर छान आहे, कोणी शिकवलं? मी अभिमानाने सांगितलं, माझ्या आत्याने.

आता तुझ्या पत्राबद्दल. मी हे दोनदा लिहून फाडलं. तू लिहिलंस, गुंडांना धर्म नसतो. माझ्यासाठी तू ते लिहिलंस हे मला कळतं आणि तुझी माया मला पुरेपूर पोचली. पण काकांचं दुकान जाळणाऱ्यांना मात्र तू धर्म दिलास, आणि तो समोरच्या काकूंचाही आहे म्हणून त्यांना त्यात धरलंस. तूच मला गणित शिकवताना सांगायचीस की बरोबरच्या चिन्हाच्या एका बाजूला जे केलं ते दुसऱ्या बाजूलाही करावं लागतं, आणि मी विसरले की पेन्सिल काढून घ्यायचीस.

काकूंनी माफी का मागितली नाही हे मला आता कळतं असं वाटतं. मास्तर आणि बाई यांनी मिळून मला जे शिकवलं, ते काकूंना आधीच ठाऊक असणार. मी हे तुला शिकवायला लिहीत नाही. अक्षर तू दिलंस, चित्राची रेघ काकूंनी दिली, आणि पायाचा आराखडा काढून त्याखाली नाव लिहिणं हेच माझं रोजचं काम आहे. तुमच्या दोघींवर मी जगते. त्या गेल्यावर दाराला दार राहणार नाही, आणि मला वाटतं की मग तुला तो राग एकटीने सांभाळत बसावं लागेल.

रागावलीस तरी लिही. माझ्यावरचा हात काढू नकोस.

तुझी,
किंतू


२३ मार्च

चि. किंतूस,
अ. आ.

माझं अक्षर पाहून दचकू नकोस, आत्या धडधाकट आहे. ती तुझ्यावर रागावली आहे, पण रागावलेली नाही असं तिचं म्हणणं असल्यामुळे, पत्र लिहायला वेळ नाही असं सांगते. वेळ नाही म्हणून तिने घरातली सगळी कपाटं आवरली. माझंही आवरलं. तेव्हापासून मला मोजे सापडलेले नाहीत.

तुझं पत्र तिने मला दाखवलं नाही. टेबलावर उघडं ठेवलं, त्यावर माझा चष्मा ठेवला आणि बाहेर गेली. इतक्या वर्षांच्या संसारात मला एवढं कळतं.

तू लिहिलंस त्यावर मी काय बोलणार? दुकान माझं जळलं, पण राग सगळा तिने उचलला. माझ्या वाट्याला फारसा उरलाच नाही. मी घरी चौकटी करायला लागलो तेव्हा त्यांच्यातलीही गिऱ्हाइकं यायला लागली. आत्या त्यांना पाणी देते, बसा म्हणते, पोरांची चौकशी करते. ती माणसं तिच्या हिशेबात कशी बसतात ते मी कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर तिने त्यांना पाणी देणं बंद केलं असतं की हिशेब, याची मला खात्री नव्हती.

एक गोष्ट तुलाही माहीत नाही. दुकान जळलं तेव्हा त्यात समोरच्या वहिनींचाही एक फोटो होता. त्यांच्या वडिलांचा. दुसरा नव्हता, तोच एक. मी दुसऱ्या दिवशी सांगायला गेलो, तर मी तोंड उघडायच्या आत त्यांनी हाताने थांबवलं. म्हणाल्या की तुमचं एवढं गेलं, त्यात माझं कुठे काढता. आत्याला तेव्हा सांगितलं नाही, ती कोणाचं काही ऐकण्याच्या स्थितीत नव्हती. पुढे सांगायचं तर आधी का सांगितलं नाही हे सांगावं लागलं असतं, आणि त्याला मी घाबरलो. परवा सांगितलं. ती भाजी चिरत होती. ती चिरतच राहिली. दोन दिवस आम्ही तीच भाजी खातो आहोत.

समोर खोकी बांधणं चालू आहे. आत्या पडद्याआडून बघते आणि दोऱ्या सैल बांधतात म्हणून कुरकुरते. पुढे काय होईल सांगता येत नाही. तू आता काही लिहू नकोस. तुझं लिहून झालंय आणि बरं लिहिलंयस. तुझ्या मोठ्या बाईंना आणि त्या मास्तरांना माझा नमस्कार सांग. आमची पोर परक्या गावात चांगल्या माणसांच्या हाती लागली, याहून मला काही नको.

तब्येत सांभाळ, आमची आठवण असू दे.

तुझे,
काका


३१ मार्च

चि. किंतूस,
अ. आ.

रागावले होते. बराचसा गेला, थोडा शिल्लक आहे तो या पत्रात येईल, सोसून घे. बरोबरच्या चिन्हाचं मला शिकवतेस? ते चिन्ह तुला मी दाखवलं तेव्हा तू ते उभं धरून शिडी म्हणायचीस.

आज सकाळी गाडी आली. हमालाने पहिलंच खोकं उचललं आणि दोरी सुटली, बशा पायऱ्यांवरून घरंगळत रस्त्यात. मी पडद्याशी होते. कशी गेले कळलं नाही, पायात काकांचे जोडे होते हे नंतर पाहिलं. तिच्या दारात उभी राहून मी म्हटलं की दोरी अशी बांधतात का. एवढ्या वर्षांनी मी तिच्याशी बोललेलं पहिलं वाक्य हे. ती म्हणाली, मग बांध तू. आणि सुतळीचं बंडल माझ्या हातात दिलं.

बांधत बसले. तिचे ते निळे पेले, मोठं पातेलं, सगळं ओळखीचं. एका पेल्याचा कान तू मोडला होतास, तो तिने चिकटवून ठेवलाय. दोघी कागद गुंडाळत होतो. शेवटी मी विचारलंच की एवढी वर्षं एक शब्द का काढला नाहीस. ती म्हणाली, कुठला शब्द, माफ कर हा? मी काय केलं होतं? मी कुठे होते? आणि मग म्हणाली की ती माझी वाट पाहत होती. मी येईन आणि म्हणेन की तू त्यांतली नव्हेस हे मला माहीत आहे. त्यासाठी ती पहिलं वर्षभर संध्याकाळी दार उघडं टाकून बसायची. मला वाटायचं, ही बया मला दाखवायला दार उघडं ठेवते, की आमच्या घराला बघा काही झालं नाही.

मी म्हटलं की मला माहीत होतं. पहिल्या दिवसापासून माहीत होतं. ती म्हणाली, मग?

किंतू, मी गाठ मारली, सोडली, पुन्हा मारली. मग तुझ्या मोठ्या बाईंचं आठवलं आणि जे खरं होतं ते सांगून टाकलं. म्हटलं, ज्यांनी जाळलं ते पळाले, त्यांची तोंडंसुद्धा मला दिसली नाहीत. तू समोर राहत होतीस. राग ठेवायला मला दुसरी जागा नव्हती. तिने हातातला पेला खोक्यात ठेवला. मग म्हणाली की जागा मजबूत निघाली म्हणायची. आणि हसली. मला हसू आलं नाही, मला दुसरंच आलं, आणि तिच्या बशांचा कागद मी त्यासाठी वापरला.

तिच्या वडिलांच्या फोटोचं मी काढलं. ती म्हणाली की त्यांचा चेहरा तिला पाठ आहे, फक्त डावी भुवई वर की उजवी हे हल्ली आठवत नाही. मला फार वाईट वाटलं. काकांना मात्र मी दोन दिवस धड उत्तर देणार नाही. आणि ऐक, फोटो नसता तरी मी जायलाच हवं होतं, हे तू पुढच्या पत्रात लिहिणार आहेस. लिहू नकोस. मीच कबूल करते.

तुझ्या त्या मोर्चातल्या पोरांबद्दलही मी लिहिलं ते सोईचं लिहिलं. होती ती आपल्यातलीच. आपल्याच ओळी म्हणत त्यांनी दगड मारले, आणि त्यांनीच मारले. तू नाही मारलेस, मी नाही, तुझ्या मास्तरांनी तर दाढच धरली होती. दुकान जाळणारे तिच्यातले होते, आणि तिने नाही जाळलं. एवढं साधं गणित मला का जमलं नाही विचारशील तर, दुकान जळल्याच्या धुरात कोणाला दिसतं? पण धूर कधीच विरला होता, हेही खरं.

मोठ्या बाईंना सांग, आज गोड बोलतील असं मी त्यांच्याबद्दल लिहिलं होतं, ते मागे घेतलं. त्यांनी तोंड वळवलं ते तू लिहिलंस, तिथे वाचता वाचता मी पत्र खाली ठेवलं होतं. राग कोणावर निघतोय हे त्यांना एका संध्याकाळीत कळलं. माझ्या पोरीला त्यांनी सांभाळलं, आणि लांबून मलाही. त्यांचे पाय कसे आहेत मला ठाऊक नाही, पण ते कधी दुखू नयेत.

हे पत्र मी तिच्या घरात बसून लिहितेय. आमच्याकडे गेले तर मधेच गाडी निघून जाईल. शेवटची जागा तिला सोडते, काय लिहायचं ते लिहू दे.

पत्राची वाट पाहते. नेहमी पाहतेच, पण आता जास्त.

तुझी,
आत्या

चि. किंतूस,
अ. आ.

तुझ्या आत्याने एवढीशी जागा सोडली आहे आणि वर लवकर लिही म्हणते, जसा काही उशीर मी केलाय.

तुझं पत्र तिने मला वाचून दाखवलं. रेघ मी दिली असं लिहिलंस, तर मला किती बरं वाटलं ते कसं सांगू? तू काढलेल्या घोड्याला पाच पाय होते आणि एकही पुसू द्यायची नाहीस, तो कागद माझ्या सामानात आहे. अशी पायांची गडबड करणारी मुलगी आता लोकांना चालतं करते, याचं मला फार कौतुक वाटतं.

नवा पत्ता मागच्या बाजूला लिहिला आहे. आम्हा दोघींना वेगवेगळी पत्रं लिही, एकात भागवू नकोस.

खोली रिकामी झाली. तुझी आत्या बसली आहे ती खुर्ची तेवढी राहिली आहे. गाडीवाला दोनदा येऊन तिच्याकडे बघून गेला. ती म्हणते पाय अवघडलेत, उठवत नाही. मला माहीत आहे, पाय ठणठणीत आहेत. मी गाडीवाल्याला सांगितलंय, जरा थांब बाबा, बाई बसल्या आहेत.

तुझी,
समोरची काकू